दोडक्याची शुगर आणि बाळाची कावीळ: आमच्या तालुका दवाखान्याच्या आरोग्य रक्षा समितीला खुलं पत्र

समितीच्या सगळ्या सभासदांना नमस्कार,

तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखतो आणि तुम्ही मला. दोघांच्या घरी तर सकाळी साडेसहाला फास्टिंगचं रक्त काढायला मीच येतो. बस स्टँडच्या मागे माझी लॅब आहे, लॅब म्हणजे काय, एक खोली, एक सेमी-ऑटो मशीन, एक सेंट्रिफ्यूज आणि दार नीट न लागणारा फ्रीज. बावीस वर्षं हेच करतोय. तुम्हाला दोनदा अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर नाही, म्हणून आता उघड लिहितोय. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणालाही वाचून ही आपल्याच तालुक्याची गोष्ट आहे असं वाटलं तर वाटू दे.

विषय दोन आहेत पण मुळात एकच. मागच्या मीटिंगला बाळंतीण वॉर्डासाठी कावीळ बघायचं मीटर घ्यायचा विषय आला, तो "फंड नाही, आणि लॅब आहे की" म्हणून दोन मिनिटांत बाजूला पडला. आणि त्याच महिन्यात शुगर दाखवणारी घड्याळं विकायला बाहेरून आलेल्या एका कंपनीला ओपीडीचा हॉल तुम्ही फुकट दिलात, "सुई नको, रक्त नको, मनगटावर शुगर बघा" असा बॅनर लावून, खाली समितीच्या सहकार्याने. दोन्ही वस्तू उजेडावर चालतात असं म्हणतात. त्यातली एक खरंच चालते, तिला तुम्ही नाही म्हणालात, आणि जी चालत नाही तिला खुर्च्या, पंखा, माईक सगळं दिलंत.

आधी माझाच हिशेब सांगतो म्हणजे मागून कुणी काढायला नको. कावीळ मीटर आलं तर माझ्याकडं येणारी बिलिरुबिनची (रक्तातलं पिवळं द्रव्य, ते वाढलं की कावीळ दिसते) निम्मी तरी कामं जातील. घड्याळं बंद झाली तर शुगरची थोडी वाढतील. बेरीज वजाबाकी तुम्ही करा, मला त्यात लपवायचं काही नाही.

आता गेल्या जुलैचं सांगतो. माझी भाची, म्हणजे अक्काची थोरली मुलगी, तुमच्याच वॉर्डात बाळंत झाली. नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, वजन चांगलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. गाव घाटाकडं. तिसऱ्या दिवशी आशाताई पावसात भिजत घरी आल्या (त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही), बाळाला बघितलं, म्हणाल्या थोडं पिवळं वाटतंय पण बहुतेकांना असतं, अंगावर पाजा, कोवळं ऊन दाखवा. ऊन! नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता हो. आणि खोली म्हणजे बाळंतिणीची खोली, खिडकीला गोधडी, कोपऱ्यात शेगडी, वर पिवळा बल्ब. त्या उजेडात भिंत पिवळी, दुपटं पिवळं, आजीचा हात पिवळा, मग बाळाचं पिवळं त्यात कुणाला दिसणार? आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तर बोटाने कपाळ दाबून बघितलं तरी अंदाज चुकतो, मुरलेल्या डॉक्टरचाही चुकतो.

पाचव्या दिवशी पाचवीची तयारी चालली होती आणि पोरगी उठेचना. पाजायला घेतलं की दोन घोट आणि परत झोप. तिला गुंडाळून वडापच्या जीपने तालुक्याला आणलं तर रविवार. दवाखान्याची लॅब बंद, ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले बिलिरुबिन करून आणा. अक्काचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. टाचेला सुई टोचून बारीक ट्यूबमध्ये रक्त घेतलं, ट्यूब काळ्या कागदात गुंडाळली, मशीनवर लावलं. 19.6 आलं. परत एकदा लावलं, 19.4. त्या दिवशी माझे हात थोडे कापत होते हे कबूल करतो, बावीस वर्षांत हजारो टाचा टोचल्या असतील पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या नातींच्या होत्या. तिथून भाड्याची गाडी, बेळगाव, निळ्या लाईटखाली तीन दिवस. पोरगी बरी आहे, आता धरून उभी राहते, कानाची तपासणीसुद्धा चांगली आली. बिलिरुबिन फार चढून मेंदूत उतरलं की पहिल्यांदा कानावर आणि हालचालीवर जातं, आणि तिथं गेलेलं परत येत नाही, म्हणून ती तपासणी होईपर्यंत अक्का चार महिने बाळाच्या डोक्यामागं ताटली वाजवून बघत होती.

आता ती ट्यूब काळ्या कागदात का गुंडाळली, ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

बिलिरुबिनला निळा उजेड लागला की ते बदलतं, मोडतं. 1956 साली इंग्लंडमध्ये रॉचफर्ड नावाच्या गावच्या दवाखान्यात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत असत, त्यातलं एक बाळ त्यांनी डॉक्टरांना उघडं करून दाखवलं तर सगळं अंग फिकं आणि एक तिकोनी तुकडा गडद पिवळा, तिथं चादरीचा कोपरा आला होता. पुढं तिथंच रक्ताची एक ट्यूब खिडकीत उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन कमी भरलं. डॉक्टर क्रेमर आणि मंडळींनी त्यावर काम करून 1958 साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलं, आणि आज जगभर जी निळी लाईट लावतात ती तिथून आली. म्हणजे ही चीज उजेड गिळते. निळा उजेड, साधारण 450-460 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. मग जी उजेड गिळते ती उजेडाने मोजता पण येणार ना? मीटर तेच करतं. कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचं, एक फ्लॅश होतो, आत गेलेल्या उजेडातला निळा किती परत आला ते बघायचं, आणि रक्ताचा लाल रंग नि कातडीचा रंग हिशेबातून वजा करायला बाकीचे रंग बघायचे. जपानमध्ये असं पहिलं मीटर 1980 च्या सुमाराला आलं. पंचेचाळीस वर्षांची जुनी गोष्ट आहे ही, उद्याचं संशोधन नाही.

खरं सांगायचं तर माझं मशीनही दुसरं काय करतं? रक्तात औषध घालतं, रंग येतो, त्यातून उजेड सोडतं आणि किती अडला ते मोजतं. फरक एवढाच, की मी रक्त बाहेर काढून उजेडात धरतो आणि ते मीटर उजेडच आत पाठवतं. लहानपणी लाईट गेल्यावर बॅटरीवर तळवा ठेवून बोटं लाल झालेली आपण सगळ्यांनी बघितली आहेत. निळं हिरवं सगळं रक्ताने गिळलं आणि लाल पार झालं, एवढंच त्यामागं आहे.

मीटर देव नाही, तेही सांगतो, नाहीतर उद्या घेतलं आणि भलतंच वापरलं असं नको. ते गाळणी आहे. आकडा लाईट लावायच्या मर्यादेच्या जवळ आला की रक्त काढायलाच पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सरळ सांगितलंय की मीटरचा आकडा मर्यादेच्या 3 मिलिग्रॅमच्या आत असला, किंवा 15 आणि वर असला, तर रक्ताची टेस्ट करा. आणि बाळाला निळी लाईट लावून झाल्यावर मीटरवर भरवसा नको, कारण कातडीतलं पिवळं आधी उतरतं, रक्तातलं मागं राहतं. पण डिस्चार्जच्या दारात उभ्या असलेल्या बाळाला, किंवा रविवारी वडापने आलेल्या बाळाला, याहून चांगलं पटकन काही नाही. एका मिनिटाचं काम, टाच टोचायची नाही, बाळ रडत नाही.

आता तक्रारी.

पहिली ही, की दुसऱ्या दिवशी सोडताना बाळाचं बिलिरुबिन कशानेच बघितलं जात नाही. कावीळ सगळ्यात चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांत साठेक बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी होतात, बहुतेकांची आपोआप उतरते, प्रश्न उरलेल्यांचा आहे. आणि आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या आहेत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी, आकडा सगळ्यात वर जातो नेमका तेव्हाच, बाळाकडं कुणी बघायला येत नाही. आपल्या बायका म्हणतात पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. मीटर पण कपाळावरच लावतात, त्याने जरा आधी वाचून घेतलं तर सटवाईचं काही बिघडणार नाही.

दुसरी, लॅब रविवारी आणि सणाला बंद. रीएजंट, म्हणजे टेस्टचं औषध, संपलं तर चालू दिवशीही बंद. "लॅब आहे की" म्हणणाऱ्यांनी एकदा लॅबच्या दारावरचं कुलूप बघून यावं.

तिसरी, गाडी आणि पैसे. 2011 सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 30 दिवसांच्या आतल्या आजारी बाळाची तपासणी, औषध आणि ने-आण फुकट आहे. हे आमच्या अक्काला त्या रविवारी कुणी सांगितलं नाही, आणि गडबडीत माझ्याही डोक्यात आलं नाही, ही माझी चूक. तिने भाड्याच्या गाडीला अठराशे मोजले.

चौथी, कागद. डिस्चार्जच्या कागदावर "ही लक्षणं दिसली तर लगेच या" असं सगळं लिहिलेलं होतं, चांगलं लिहिलेलं होतं, पण कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये. अक्का मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने तो कागद तायी कार्डात (बाळंतिणीला मिळणारं सरकारी कार्ड) नीट घडी घालून जपून ठेवला होता, वाचता येत नव्हता तरी. मी इथं सीमाप्रश्न काढत नाही, कृपा करून कुणी काढू पण नका. कन्नड राहू दे, राज्याची भाषा आहे, राहिलीच पाहिजे. त्याखाली चार ओळी मराठी छापा एवढंच. जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असं 1956 पासून ठरलेलं आहे, पण मी ते कलम दाखवून मागत नाही, एका आजीला वाचता यावं म्हणून मागतोय.

पाचवी ऑक्सिमीटरची. 2021 च्या मे महिन्यात गावोगावच्या मंडळांनी, सोसायट्यांनी, परगावच्या पोरांनी वर्गणी काढून ऑक्सिमीटर दिले होते, आठवतंय ना? ते कुठं आहेत मला माहिती आहे. स्टोअरच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. सेल आतच ठेवलेत, ते गळून हिरवट पांढरी पूड झाली आहे. 1974 साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती काढली, एक लाल उजेड (आजच्या चिमट्यात 660 नॅनोमीटरचा), एक न दिसणारा (940 चा), दोन्ही बोटातून पार करायचे, ऑक्सिजन भरलेलं रक्त एकाला जास्त अडवतं आणि रिकामं रक्त दुसऱ्याला, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढं बदलतं तेवढंच मोजायचं, म्हणजे हाड कातडी मांस आपोआप वजा होतं. काय डोकं आहे बघा. गृहस्थ 2020 च्या एप्रिलमध्ये गेले, नेमके त्याच महिन्यांत सगळं जग त्यांचा चिमटा बोटाला लावून बसलं होतं. आणि आपण तो चिमटा गंजवला.

याचेही दोष आहेत. गार पडलेली बोटं, हलणारा हात, नेलपॉलिश. काळ्या कातडीवर तो खरा आकडा सोडून जास्त दाखवतो हे 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं, तिथं गोऱ्या पेशंटपेक्षा काळ्या पेशंटमध्ये लपलेला ऑक्सिजनचा तुटवडा जवळजवळ तिप्पट निघाला, म्हणून आपल्याकडं 94 दिसला तर "चालतंय" म्हणून सोडू नये. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात त्या धुराचा विषारी वायू रक्तात गेला तर हा चिमटा बिनधास्त 99 दाखवतो, कारण त्याला ते रक्त ऑक्सिजन भरल्यासारखंच दिसतं. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, हे या निमित्ताने सांगून टाकतो.

आता घड्याळाकडं येतो. यात राग आहे, पण आवरून लिहितो.

माझी आई अडुसष्ट वर्षांची, अकरा वर्षं शुगर, चार वर्षं इन्सुलिन. पोराची लॅब असून तिला टोचून घ्यायचा कंटाळा, बोटांची टोकं भोकं पडून कडक झाली आहेत बिचारीची. तुमच्या हॉलमधल्या कॅम्पमधून तिने साडेचार हजारांचं घड्याळ आणलं, मला न सांगता, बचत गटाचे पैसे घालून. का आणलं विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात विकत होते, मग खोटं कसं असेल?" हे वाक्य समितीने मीटिंगच्या वहीत लिहून ठेवावं.

पंधरा दिवसांनी रात्री दोनला तिला दरदरून घाम, हात थरथर, बोलणं अडखळतंय. बायकोने घड्याळ बघितलं, 131. म्हणाली शुगर तर बरोबर आहे, मग हे काय, प्रेशर असेल. मी ग्लुकोमीटर काढला, बोट टोचलं. 48. साखरेचं पाणी पाजलं, वीस मिनिटांत माणसात आली. त्या 131 वर विश्वास ठेवून आम्ही तिला "झोप, सकाळी बघू" म्हटलं असतं तर पुढचं मला लिहायचं नाही.

सकाळी मी ते घड्याळ स्वयंपाकघरात नेलं आणि टोपलीतल्या दोडक्याला बांधलं. बटण दाबलं, हिरवा दिवा लुकलुकला, थोडा वेळ गोल फिरलं, आणि दोडक्याची शुगर आली 112. नाडी 76. आमचा दोडका तब्येतीने माझ्यापेक्षा चांगला आहे.

हे असं का, ते समजून घ्या. बिलिरुबिन पिवळं असतं, हिमोग्लोबिन लाल, त्यांना रंग आहे म्हणून उजेडाला ते सापडतात. साखर पाण्यात विरघळवा, पाणी पाण्यासारखंच दिसतं. न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये तिची खूण आहे, पण अगदी बारीक, आणि पाणी, चरबी, प्रोटीन यांच्या खुणांखाली गाडलेली. आणि असते तरी किती? शुगर 100 म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. 100 ची 150 झाली म्हणजे अर्धा चमचा वाढला, तो हलत्या, घामेजलेल्या मनगटातून शोधायचा. माणसं प्रयत्न करतात, करू नये असं मी कोण म्हणणार. आपल्या बेंगळुरूत ज्यांचं पुढचं आयुष्य गेलं त्या सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेल्या परिणामाने (पदार्थावर आदळून परतणाऱ्या उजेडातल्या थोड्याचा रंग बदलतो) 2020 साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या लोकांनी डुकराच्या कानातून ग्लुकोजची खूण थेट पकडली, बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतही उजेडाने शुगर मोजायचं काम चालू आहे. पण ती टेबलावरची मशीनं. बाजारातल्या घड्याळात ते आलेलं नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, 21 फेब्रुवारी 2024 ला लोकांना बजावलं की कातडी न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, वापरू नका. दंडाला चिकटवायचे जे सेन्सर मिळतात ते खरे, पण त्यांचा केसाएवढा तार कातडीखाली जातोच, आणि त्यात उजेडाचा संबंध नाही.

मागण्या साध्या आहेत.

कावीळ मीटर एक घ्या. स्वस्त नसतं हे मला माहिती आहे, पण त्याच फंडातून गेल्या वर्षी गेटची कमान झाली आणि तिच्यावर सगळ्यांची नावं आली, मीटरवर हवी तर अजून मोठ्या अक्षरात घाला. फंड खरोखरच नसेल तर तसं लेखी द्या, आम्ही पेठेत फिरून वर्गणी काढतो, 2021 ला काढली होती, परत काढू. सोडताना प्रत्येक बाळाचा आकडा आणि वेळ तायी कार्डावर लिहा, कारण 40 तासांच्या बाळाचा 10 आणि चार दिवसांच्या बाळाचा 10 यात जमीन अस्मानाचा फरक आहे. लवकर सोडलेल्या बाळाला चौथ्या-पाचव्या दिवशी परत बोलवा किंवा आशाताईंबरोबर मीटर पाठवा.

रविवारी निदान बिलिरुबिन आणि शुगर एवढ्या दोन टेस्ट कुणीतरी कराव्यात. कुणी नसेल तर मला बोलवा, नवजात बाळाचे पैसे मी घेणार नाही, हे लेखी देतो.

खोक्यातले ऑक्सिमीटर बाहेर काढा, चालणारे वॉर्डात आणि उपकेंद्रांत द्या. बाळासाठी पायाला गुंडाळायचा वेगळा प्रोब घ्या, मोठ्यांचा चिमटा त्यांना चालत नाही, आणि चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला लावून बघा. 95 च्या खाली किंवा दोन्हीत 3 पेक्षा जास्त फरक आला की परत बघा, बाळाच्या हृदयातला दोष कधी कधी असाच सापडतो.

घड्याळवाल्यांना परत हॉल देऊ नका. "समितीच्या सहकार्याने" हे चार लोकांत चुकलं असं जाहीर सांगा, ज्यांनी घेतली त्यांची यादी कॅम्पच्या वहीत आहे, त्यांना फोन करून कळवा की याच्या आकड्यावर इन्सुलिन कमी जास्त करू नका. पैसे परत मिळतात का ते बघा, पण फोन आधी, पैसे नंतर. कारण आईच्या ओळखीच्याच सहा बायका आहेत.

आणि त्या कागदावर मराठी चार ओळी. मी लिहून देतो, तुम्ही तपासून छापा.

पुढची मीटिंग पहिल्या सोमवारी अकराला, असं ऑफिसच्या बोर्डावर लिहिलंय. मी येतो. आईचं घड्याळ आणतो, त्या रात्रीचा ग्लुकोमीटर आणतो, आणि येताना बाजारातून एक दोडका.

आपला,
बस स्टँडमागचा लॅबवाला